स्तवनापासून शब्दापर्यंत

रेवदंड्याच्या बाजारपेठेत तीस वर्षे किराण्याची पेढी सांभाळणारे एक श्रावक अलिबाग रस्त्यावरील अपघातानंतर घरी परतले, तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता : ‘हां’. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली होती. उजवा हातही दुबळा पडला होता. मुलगा ओळखू येई, परंतु त्याचे नाव ओठांवर येत नसे.

एका संध्याकाळी पत्नीने नेहमीचे स्तवन सुरू केले आणि दुसऱ्या कडव्यापासून त्यांचा आवाज तिच्या आवाजात मिसळला. शब्द स्पष्ट, क्रम बिनचूक. घरातल्यांचे डोळे भरून आले. सुनेने लगेच विचारले, ‘बापूजी, चहा घ्याल?’ ते म्हणाले, ‘हां.’ ‘साखर कमी की जास्त?’ यालाही उत्तर तेच.

हा अनुभव जुना आहे. स्वीडनमध्ये १७४५ साली ओलोफ डालिन यांनी अशाच एका रुग्णाची नोंद केली. त्याची वाचा गेली होती, तरी आजारापूर्वी पाठ केलेली प्रार्थनागीते तो निरोगी माणसासारखी गाई. बोलण्याचा भार बहुतेकांत डाव्या मेंदूवर असतो. गाण्यात उजवाही पुष्कळ वाटा उचलतो. मात्र पाठांतर म्हणजे संभाषण नव्हे, आणि घरच्यांची फसगत नेमकी येथेच होते.

गाण्याकडून बोलण्याकडे नेणारी पद्धत बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी १९७३ साली मांडली. मांडव्याहून बोटीने मुंबईला जाऊन पत्नी ती शिकून आली. ‘पाणी द्या’ हे दोन सुरांत म्हणायचे, एक उंच, एक खालचा. प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका. आधी गुणगुणणे, मग सोबत गाणे, मग साथ देणाऱ्याने मध्येच थांबणे. सूर सर्वांत शेवटी सोडायचा. रोज सामायिकानंतर हा अभ्यास चाले. ‘पाणी द्या’ला दोन महिने लागले.

सकाळी तासभर स्तवने लावली जात. रोज आवडते संगीत ऐकणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता अधिक सुधारल्याचे हेलसिंकीच्या संशोधकांना २००८ साली आढळले होते. अपघाताच्या रुग्णाला ते तसेच लागू पडेल असे नाही. पण ते शांत बसत, हेही थोडे नव्हते.

पर्युषणाच्या महिनाभर आधी त्यांनी जुनी खतावणी उघडवली आणि एका नावावर बोट ठेवले. मुरूडचे थोरले बंधू. वखारीच्या वाटणीवरून अकरा वर्षे अबोला होता. रुग्णालयातही ते दारातूनच परतले होते.

‘मिच्छामि दुक्कडं’ त्यांना येतच होते, प्रतिक्रमणात सर्वांबरोबर. म्हणूनच तेवढ्याने भागणार नव्हते. घडवायचा होता तो दुसराच शब्द. मो-टा-भा-ई : चार अक्षरे, चार ठेके. तीन आठवडे गेले.

संवत्सरीच्या संध्याकाळी बंधू आले. डावा हात मांडीवर चार वेळा पडला. ‘मोटाभाई’, सुरात. मग बराच वेळ काही नाही. मग क्षमापनेचे शब्द, सुराविना, अडखळत.

बंधूंनी त्यांचा हात धरला. औषधे चालू असल्याने उपवास नसेल, असे समजून त्यांनी विचारले, ‘काही खाल्लेस का?’

‘ना.’

डॉक्टरांना विचारून त्यांनी उपवास धरला होता. हा शब्द त्यांना कोणी शिकवला नव्हता.