आवडणे आणि पटणे

रंजनपर प्रेमकथांविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्याचा बराच भाग त्या कथा न वाचणाऱ्यांनी, अथवा वाचूनही तसे न सांगणाऱ्यांनी लिहिलेला आहे. अशा कथांचा खरा वाचक ग्रंथालयाच्या नोंदवहीत भेटतो. समीक्षेच्या पानांवर त्याची गाठ क्वचितच पडते. तो काय वाचतो आणि किती वाचतो हे ठाऊक असते, पण वाचलेल्यातले काय त्याला खोटे वाटते हे कोणी विचारीत नाही. ज्याला असले काही आवडते त्याला त्यातला खोटेपणा कळत नसणार, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत तपासून पाहायचे तर एखाद्या वाचकाने स्वतःपुरती मांडलेली मते हाती यावी लागतात. येथे ज्या वाचिकेच्या वहीचा विचार करायचा आहे, तिने तशी मते मांडली आहेत, आणि ती जपानी चित्रकथांविषयी, म्हणजे मांगा या नावाने जगभर गेलेल्या वाङ्मयातील प्रेमकथांविषयी आहेत.

ही वाचिका छत्तीसगडमधील सिलतरा येथे राहते. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव आता औद्योगिक क्षेत्र म्हणूनच ओळखले जाते. लोहखनिज आणि कोळसा फिरत्या भट्टीत तापवून येथे स्पंज आयर्न तयार होते, त्यापासून पुढे पोलाद होते, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते. वाचिका अशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. भट्टीतून आलेल्या नमुन्यात एकूण लोह किती आणि त्यांपैकी धातुरूप लोह किती, हे प्रमाण काढणे हा तिचा रोजचा व्यवसाय. वय पंचेचाळिशीच्या पुढचे. पती आठ वर्षांपूर्वी वारले. घरात सासूबाई असतात; मुलगी बाहेरगावी शिकते. मुलीने सुट्टीत आणून टाकलेले इंग्रजी भाषांतराचे खंड रिकाम्या दुपारी चाळता चाळता तिला या वाचनाची सवय लागली.

छत्तीसगडातील मराठी घरांना परक्या भाषेतून आलेल्या गोष्टी आपल्या भाषेत बोलण्याची सवय जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून येथे मराठी वस्ती आहे, आणि पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे घरी मराठी बोलणारे होते. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. वाचिकेची वहीही अशाच वळणाची आहे. जपानी कथा इंग्रजीतून वाचायची, कारखान्यात हिंदीत बोलायचे आणि मत मात्र मराठीत लिहायचे. वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ आहे. डावीकडे ‘आवडले’, उजवीकडे ‘पटले’. एकाच प्रसंगाची नोंद दोन्ही बाजूंना असू शकते, अथवा एकाच बाजूला. समीक्षक ज्यांना आस्वाद आणि मूल्यमापन म्हणतात त्यांची ही घरगुती नावे आहेत.

डावी बाजू मोठ्या प्रमाणावर व्यापली आहे ती वाट पाहण्याने. आपल्या साहित्यशास्त्राने विप्रलंभ शृंगाराचे जे प्रकार सांगितले त्यांत पूर्वराग पहिला: भेटीपूर्वीचे, केवळ दर्शनाने वा ऐकून जडलेले प्रेम. मराठी कादंबरीने त्यासाठी फारशी पाने खर्चिली नाहीत. पाहणी, पत्र, गैरसमज आणि लग्न अशी तिची चाल वेगवान असते. शीइना कारुहो यांची ‘किमी नि तोदोके’ ही कथा २०१७ पर्यंत मासिकातून चालली आणि तिचे ३० खंड झाले. भयपटातील भुतासारखी दिसते म्हणून वर्गाने दूर ठेवलेली एक मुलगी आणि सर्वांना हवाहवासा वाटणारा एक मुलगा, एवढेच तिचे भांडवल. दोघांनी एकमेकांना मनातले सांगण्यास अनेक खंड जातात. या दिरंगाईचा वाचिकेला कंटाळा आलेला नाही. त्या मुलीला प्रथम मैत्रिणी मिळतात, आपल्याशी कोणी सहज बोलू शकते यावर तिचा विश्वास बसतो, आणि मगच प्रेमाचा प्रश्न येतो. हा क्रम तिने दोन्ही रकान्यांत लिहिला आहे. ज्याला स्वतःची किंमत ठाऊक नाही त्याने दिलेला होकार हा होकार नव्हे, अशी तिची त्यावरची टीप आहे.

चित्रांविषयीही तिची मते स्पष्ट आहेत. ही पुस्तके उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. इंग्रजी भाषांतरकारांनी आरंभी चित्रे उलटी करून छापली, पण २००२ च्या सुमारास मूळची दिशा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. प्रेमकथांत चौकटी मोडतात, एक चेहरा तीन चौकटींवर पसरतो, मनातले वाक्य फुग्याबाहेर पांढऱ्या जागेत तरंगते. १९४९ च्या आसपास जन्मलेल्या हागिओ मोतो, ताकेमिया केइको आदी लेखिकांनी १९७० नंतर हे तंत्र समृद्ध केले. वाचिकेला भावते ते तंत्राचे मौन. चार चौकटींत केवळ पायऱ्या, खिडकी, चहाचा पेला आणि पुन्हा खिडकी दाखवून दुपार सरल्याचे कळते, तेथे गद्य लेखकाला चार वाक्ये खोटी लिहावी लागली असती, असे तिला वाटते. उलट, प्रत्येक हळव्या क्षणी पार्श्वभूमीला उमलणारी फुले आणि चेहऱ्याचा निम्मा भाग खाणारे डोळे तिला आवडत नाहीत. फुले दिसली की लेखिकेचा आपल्या प्रसंगावर विश्वास नाही असे समजावे, असा तिचा निकष आहे.

वहीतील सर्वांत कठोर नोंदी बळजोरीविषयी आहेत. कामिओ योको यांची ‘हाना योरी दांगो’ ही १९९२ साली सुरू झालेली कथा आशियाभर गाजली. तैवान, जपान आणि कोरिया येथे तिच्या मालिका निघाल्या. श्रीमंतांच्या शाळेतील दांडगट नायक गरीब नायिकेचा साऱ्या शाळेकडून छळ करवतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. नायिकेचे ताठ वागणे डाव्या रकान्यात आहे; उजवा रकाना रिकामा आहे. इकेदा रियोको यांच्या ‘बेरुसाइयु नो बारा’ (१९७२–७३) या फ्रेंच राज्यक्रांतीवरील प्रसिद्ध कथेतही, पुरुषवेषात वाढलेल्या सेनाधिकारी नायिकेवर तिचा निष्ठावान सोबती एका क्षणी हात टाकतो आणि स्वतःच शरमून मागे हटतो. वाचिकेने या दोन प्रसंगांत फरक केला आहे. दुसऱ्या ठिकाणी लेखिकेला तो गुन्हा आहे हे ठाऊक आहे; पहिल्या ठिकाणी तो प्रेमाचा पुरावा म्हणून मांडला जातो. मुलीला भिंतीशी गाठून तिच्या कानाशेजारी तळहात आपटण्याच्या प्रसंगाला तर जपानीत ‘काबेदोन’ असे नाव मिळाले आणि २०१४ साली तो शब्द सर्वतोमुखी झाला.

येथे वाचिकेचे स्वतःचे आयुष्य नोंदीत उतरले आहे. महाविद्यालयात असताना एक मुलगा रोज सायकल आडवी घालून तिच्याशी बोलत असे. मैत्रिणी म्हणत, किती जीव आहे त्याचा तुझ्यावर. ती दोन महिने लांबच्या रस्त्याने जात राहिली. चित्रातला तळहात पाहून आजही छातीत धडधडते, पण ती धडधड कशाची हे पानाने सांगितले नाही, असे तिने लिहिले आहे. भीती आणि अनुराग यांची शारीरिक लक्षणे सारखी असतात. निकृष्ट प्रेमकथा या सारखेपणाचा लाभ उठवते. रंजनपर साहित्यावरील अनेक विद्वत्तापूर्ण आक्षेपांत न सापडणारी ही नेमकी जागा तिला सापडली, कारण तिने धडधड नाकारली नाही.

दुसरा आक्षेप लांबणीचा. जपानी नियतकालिके वाचकांची मते मागवून कथांची लोकप्रियता मोजत असतात. कथा चालली की ती संपवणे कठीण होते. मग परगावची मैत्रीण येते, स्मृती जाते, पत्र हरवते. तिसरा आक्षेप असा की बहुतेक कथा शाळेच्या फाटकाशी संपतात. पगार, आजारपण, घरभाडे यांची झळ न लागलेले प्रेम तिला अर्धवट भाजलेल्या नमुन्यासारखे वाटते: वरून काळे, आत खनिजच. मराठी वाचकाला हा आक्षेप ओळखीचा आहे. ना. सी. फडके यांच्या नायकनायिकांना पोटापाण्याची विवंचना नसते, असे अनेक वर्षे म्हटले गेले.

सासूबाईंच्या कपाटात फडके आहेत, आणि त्यांच्यामागे वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेले चंद्रकांत काकोडकरही आहेत. काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील त्या कथेबद्दल उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. त्या खटल्यात प्रश्न होता तो कथेने वाचक बिघडेल काय, हा. सासूबाईंनी वेष्टनाआड ती पुस्तके वाचली, संसार केला, नवऱ्याच्या आणि मुलाच्या मरणानंतरही घर सांभाळले. त्यांचे काय बिघडले हे कोणाला सांगता येणार नाही. त्यांचे काय साधले, हेही कोणी विचारले नाही. सून वही लिहिते, सासूबाईंनी पुस्तकाला कागद चढवला. दोघींच्या काळांत एवढे अंतर पडले.

वहीत सर्वाधिक पाने ताकाहाशी रुमिको यांच्या ‘मेझाँ इक्कोकु’ या कथेला आहेत. १९८० ते १९८७ या काळात ती तरुण पुरुषांसाठीच्या नियतकालिकात आली. भाडोत्री खोल्यांच्या एका जुनाट घराची व्यवस्था पाहणारी तरुण विधवा, आणि तेथे राहणारा, परीक्षेत नापास झालेला, पैशाने तंग असलेला विद्यार्थी. त्याला नोकरी मिळेपर्यंत, हुकेपर्यंत आणि पुन्हा मिळेपर्यंत वर्षे जातात. येथे भाडे आहे, कपडे वाळत आहेत, शेजाऱ्यांचा ताप आहे. आणि दिवंगत पतीचे नाव दिलेला एक कुत्राही आहे. विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न मराठी कादंबरीच्या जन्माशी जोडलेला आहे. १८५६ साली त्याचा कायदा झाला आणि १८५७ साली बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त नायिकेने पुन्हा विवाह केला. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधील यमूला तेही लाभले नाही. या परंपरेत विधवेचे दुःख दिसले, तिच्यावरचा अन्याय दिसला. तिचे मन पहिल्या माणसाकडून दुसऱ्याकडे कसे वळते, आणि वळताना पहिल्याचे काय होते, याला मात्र फारशी जागा मिळाली नाही. ताकाहाशींच्या नायकाला अखेर कळते की मेलेल्या माणसाशी स्पर्धा करता येत नाही. तो त्याच्या थडग्यापाशी जातो आणि तिच्या मनात असलेल्या त्याच्यासह तिचा स्वीकार करीत असल्याचे त्यालाच सांगतो. दूर उभी असलेली ती ते ऐकते.

हा प्रसंग वाचिकेने डावीकडे लिहिला आणि उजवीकडे कित्येक दिवस काही लिहिले नाही. कारखान्यातील एका विधुर सहकाऱ्याने तिला लग्नाविषयी विचारले होते आणि तिने मुदत मागितली होती. कथा तिने सासूबाईंना मराठीत सांगितली, रोज थोडी थोडी. कुत्र्याचे नाव ऐकून सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटाकडे आल्यावर त्यांनी थडग्याबद्दल काही विचारले नाही. त्यांनी विचारले, “आणि त्या पहिल्याचे वडील? त्यांचं काय म्हणणं पडलं?” तिने सांगितले, की आई, सासऱ्यांनाच वाटत होतं तिनं पुन्हा संसार मांडावा, ते तिला तसं सुचवीतही होते. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शहाणा माणूस दिसतो.” आणि दिवा लावायला उठल्या.

वहीत त्यानंतर उजव्या रकान्यात एकच शब्द आहे: पटले. सहकाऱ्याला काय उत्तर दिले, हे वहीत नाही, आणि ते तेथे शोधण्याचे कारणही नाही. कथेने तिच्यासाठी निर्णय घेतला असता तर ती कथा भिंतीशी आपटलेल्या तळहाताच्याच जातीची ठरली असती. तिने घरात न बोलता येणारी गोष्ट बोलण्यास दोन स्त्रियांना एक आडोसा दिला, आणि उत्तराची जागा मोकळी ठेवली.

समीक्षेला या वहीकडून घेण्यासारखे थोडे आहे, पण आहे. आवडीची लाज बाळगून केलेले मूल्यमापन अपुरे असते. ज्या धडधडीवर कथेचा व्यापार चालतो तीच त्याने हिशेबाबाहेर ठेवलेली असते. केवळ आवडीवर विसंबलेल्या वाचनाला भय आणि प्रेम वेगळे करता येत नाही. लोकप्रिय वाङ्मयावर लिहिणाऱ्याने दोन्ही रकाने प्रामाणिकपणे भरावेत, आणि उजवा भरण्यास वेळ लागला तर लागू द्यावा.