आप्पांची वही

आमच्या घरी देवघराशेजारी एक कोनाडा आहे. पंचांग, कारखान्याच्या पावत्या आणि आप्पांची वही या तीन वस्तू त्यात कायम असतात. वहीला लाल कापडी पुठ्ठा. आप्पा कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, हे लिहिण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. घरी आल्यावरही हात तसाच चालायचा. दूध, तंबाखू, एसटी, चहापत्ती, आणि सगळ्यात खाली 'क्वा.'

लहानपणी मला वाटायचं, 'क्वा.' म्हणजे कारखान्याच्या कॉलनीतल्या क्वार्टरचं भाडं. आम्ही तर गावातल्या घरात राहतो, मग हे भाडं कुणाचं भरतात आप्पा? एकदा आईला विचारलं. आई चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "हाय त्येंचं एक दुसरं घर. रोज सांच्याला जात्यात." पुढं कितीतरी दिवस मी ते दुसरं घर शोधत होतो.

ते घर परड्यातच होतं. संध्याकाळी सात वाजले की आप्पा परड्यातल्या दगडावर बसत. स्टीलचा पेला, माठातलं पाणी, मूठभर भाजक्या शेंगा आणि एकशे ऐंशी मिलीची व्हिस्कीची बाटली. नऊला ताटावर येत. आवाज नाही, शिवीगाळ नाही. त्यामुळं गावात त्यांना कुणी दारुडा म्हणालं नाही. आमच्याकडं त्याचेही शब्द ठरलेले आहेत. देशीच्या दुकानासमोर जो पडतो, तो 'पितो'. व्हिस्कीवाला मात्र 'घेतो'. आप्पा घ्यायचे.

शिवाय ते कायद्यानं घ्यायचे. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. त्या कायद्याप्रमाणं पिणाऱ्याला परवाना लागतो. परवान्याची आठवणसुद्धा कुणाला नसते, पण आप्पांनी आजन्म परवाना काढून तो पाकिटात रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी ठेवला होता. म्हणायचे, "कायद्याचं नाव दारूबंदी आनि खात्याचं नाव उत्पादन शुल्क. बंदी बी त्येंचीच आनि वसुली बी त्येंचीच. आपला कागद आपल्यापाशी असावा."

आमचा भाग आजरा-गडहिंग्लजचा. दीड एकर ऊस आमचाही होता. तो कारखान्याला जायचा. उसाची साखर झाली की मागं मळी उरते, मळीचं स्पिरिट होतं, आणि आपल्याकडं व्हिस्की म्हणून जी स्वस्तात मिळते तिच्यात बहुतेक हेच स्पिरिट असतं. आप्पांना हे पक्कं माहीत होतं. पहिला घोट घेताना कधीकधी म्हणायचे, "आपलाच ऊस हाय ह्यो. जाताना टनावर गेला, येताना थेंबावर आला." मग पेला उजेडाला धरून, "ह्यातलं माझं किती आनि सरकारचं किती, काट्यावर घालून बघायला पायजे एकदा."

दर वाढला की त्या दिवशीच्या आकड्याखाली ते दोन रेघा ओढत. जुन्या वह्या चाळल्या तर अशा दुहेरी रेघा बऱ्याच सापडतात. त्या रेघांच्या वर मात्र बदल झालेला असायचा. कधी तंबाखूची पुडी लहान झालेली, कधी एसटीची ओळ गेलेली, म्हणजे आप्पा चालत आलेले, कधी दूध लिटरावरून अर्ध्यावर आलेलं. खालची ओळ मात्र जिथल्या तिथं. हे मला फार उशिरा वाचता आलं.

मी नोकरीला पुण्यात आलो. चार पैसे आले तसा मीही 'घ्यायला' लागलो. माझी मात्र स्कॉच. २०२२ च्या दिवाळीला आप्पांसाठी एक बाटली घेऊन गेलो. त्यांनी खोका उलटसुलट केला, चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "केवढ्याची?"

मी हौसेनं म्हणालो, "स्वस्त झालीय आप्पा. गेल्या वर्षी सरकारनं कर कमी केला. तीनशे टक्के होता, तो दीडशेवर आणला."

आप्पांचा चेहरा उजळला. "आमच्या क्वाटरचा बी?"

"नाही. बाहेरच्या देशातनं आलेलीचा फक्त."

"बरं बरं," म्हणाले. बाटली त्यांनी कपाटात ठेवली आणि पाव्हणेरावळे आले की दाखवत राहिले. स्वतः परड्यात जाऊन आपलीच घेतली.

मग २०२५ चा जून आला. दारू, पेट्रोल, डिझेल असल्या मोजक्या गोष्टी जीएसटीच्या बाहेर राहिल्या, त्यामुळं राज्याला पैसा कमी पडला की हात वळतो तो याच नळांकडं. मंत्रिमंडळानं ठरवलं, वर्षाला चौदा हजार कोटी जादा आणायचे. इथं बनणाऱ्या ज्या विदेशी मद्याचा जाहीर केलेला उत्पादन खर्च लिटरला २६० रुपयांपर्यंत आहे, त्याचं शुल्क खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. एकशे ऐंशी मिलीच्या बाटलीला कमीत कमी दर ठरले. देशी ८० रुपये, महाराष्ट्रातल्याच कारखानदारांनी धान्यापासून करायची म्हणून नवीन काढलेली 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८, भारतात बनलेलं विदेशी मद्य २०५, आणि उंची विदेशी ३६०. चार पायऱ्यांचा जिनाच बांधून दिला.

आप्पांची पायरी तिसरी. तोवर त्यांना ती एकशे चाळीसला पडायची. महिन्याचे चार हजार दोनशे. आता सहा हजार दीडशे. जवळजवळ दोन हजारांचा फरक, आणि आप्पांची पेन्शन दोन हजार आठशे.

पारावर त्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "भणीला दिल्यालं दाजीकडनं काढून घेतलं." लाडक्या बहिणीचे दीड हजार आईच्या खात्यावर येत होते. सगळा पार हसला. आप्पाही हसले असणार.

त्या पावसाळ्यात गावात गमती झाल्या. आमचे चुलते सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांना मिलिटरी कँटीनच्या कार्डावर महिन्याच्या बाटल्या मिळतात, बाहेरच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. एरवी त्यांच्या लढाईच्या गोष्टी ऐकायला पोरंसुद्धा थांबत नसत. जूननंतर त्यांच्या कट्ट्यावर बसायला जागा मिळेना. तलाठ्यापासून लाइनमनपर्यंत सगळे रामराम घालायला यायचे. काकांनी शेवटी दारावरच सांगून टाकलं, "ही विकायची न्हवं. विकली तर कार्ड जातंय." तरी माणसं बसायचीच. आप्पा तिकडं फिरकले नाहीत. भावापुढं हात पसरायचा नाही, हा त्यांचा जुना पीळ.

दुसरी वाट गोव्याची. आमच्यावरनंच आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला आणि पुढं गोव्याला रस्ता जातो. तिकडं कर कमी, म्हणून बाटली स्वस्त. पण ती इकडचा कर न भरता आणली की गुन्हा. गावातल्या एका टेम्पोवाल्या पोरानं काजूच्या पोत्यांखाली दोन खोकी आणली आणि तपासणीत सापडला. माल गेला, टेम्पोही जप्त. हप्ते अजून चालूच होते. त्याची बायको आमच्या आईपाशी येऊन रडत बसायची. आप्पा म्हणाले, "काट्याला चुकवून गाडी न्हेता येती, पर एकदाच."

मी गणपतीला गेलो. आप्पांसाठी सवयीनं स्कॉचची बाटली बॅगेत होती. गौरी यायच्या आदल्या दिवशी आई दळणाला गेली होती आणि मी फळीवर काडेपेटी शोधत होतो. हाताला तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी लागली. आत मेडिकलवाल्याची पावती होती. १० जुलै, गोळ्या तीस. पट्टीत सहा शिल्लक. त्या दिवशी ३० ऑगस्ट.

काट्यावरच्या कारकुनाचा पोरगा मी. एकावन्न दिवस, चोवीस गोळ्या. निव्वळ वजन लगेच कळलं.

आई आल्यावर विचारलं, "गोळी रोज घेत नाहीस?"

"घेती की. एक दिस आड."

"डॉक्टरांनी रोज सांगितलीय ना?"

"त्येला काय जातंय सांगायला. त्येला फुडची पट्टी खपवायची असती."

"आई."

मग ती बसली. पिठाचा डबा मांडीशी धरून म्हणाली, "पेन्शन आता त्येंच्यातच जाती सगळी. तुजं पैसं लाइटबिल, दूध, आल्यागेल्याला. माज्या दीड हजारातनं गोळ्या यायच्या, त्येच्यातनं आता त्याल-डाळ आणती. दिल्यालं बी त्येंनीच आनि न्हेल्यालं बी त्येंनीच. तू नको तोंड वाईट करूस सणाच्या दिवशी."

"आप्पांना सांगितलंस?"

"काय सांगायचं? वहीत लिवत्यात की समदं. बघूदेत."

मी कोनाड्यातली वही काढली. जूनपासनं पानन् पान बघितलं. गोळ्यांची ओळच नव्हती. त्या आईच्या पैशातून यायच्या, म्हणून कधी लिहिल्याच गेल्या नव्हत्या. जे लिहिलं नाही ते कमी झालेलं आप्पांना दिसणार कुठनं? आणि मला तरी कुठं दिसलं होतं? महिन्याला चार हजार पाठवले की मी निश्चिंत. त्याहून जास्त पैसे माझे पुण्यात दोन शनिवारी उडायचे.

रागानं भांडावं असं मनात होतं. पण बॅगेत स्कॉच घेऊन आलेल्यानं क्वार्टरवाल्याला काय शहाणपण शिकवायचं? सात वाजता आप्पा परड्यात बसले. मी गेलो, पट्टी आणि पावती त्यांच्या पेल्याशेजारी ठेवली आणि नुसता उभा राहिलो. आप्पांनी चष्मा लावला. तारीख वाचली. पट्टीतल्या रिकाम्या खळग्यांवरनं बोट फिरवत मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. पस्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं, त्यांना सांगायची गरज नव्हती. पेला तसाच ठेवून ते आत गेले आणि न जेवता झोपले. स्कॉचची बाटली मी बॅगेतनं काढलीच नाही.

इथनं पुढं आप्पांनी दारू सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. सप्टेंबरात त्यांनी एक पायरी सोडली. दोनही नाही, थेट तळाची. आमच्या गावचं देशीचं दुकान बायकांनी मतदान करून, बाटली आडवी करून बंद केलेलं. त्यात आईचंही मत होतं. म्हणून आप्पा तीन किलोमीटर चालत शेजारच्या गावाला जायला लागले, तेही अंधार पडल्यावर, कानटोपी घालून. तरी कुणीतरी बघितलंच. पारावर बातमी आली, "आप्पा बी प्यायला लागलं." 'घेणारा' माणूस एका रात्रीत 'पिणारा' झाला. आईनं फोनवर सांगितलं, "पोट दुखतंय म्हनत्यात, पर खरं पोट न्हवं त्ये. देवळाकडं जायचं बंद केलंय." मला वेगळीच धास्ती होती. देशीच्या खाली सरकारच्या जिन्यात पायरी नाही, पण गावात आहे. हातभट्टी. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती अशाच स्वस्ताच्या पायरीवर उभी होती.

पंधरा दिवसांनी आप्पा आपणच वर आले, पण निम्मे. आता एक क्वार्टर दोन दिवस. लेबलावर बॉलपेननं मधोमध आडवी रेघ मारतात. पातळी रेघेला लागली की बूच. महिन्याचे तीन हजार पंच्याहत्तर. पहिल्यापेक्षाही कमी.

म्हणजे दर वाढवल्यानं माणूस कमी प्यायला, असं कुणी म्हणालं तर आमच्या घरापुरतं ते खोटं नाही. मी नाकारत नाही. पण जून ते ऑगस्ट, तीन महिने तो कर कुणी भरला, हे कुठल्या पावतीवर नाही. तो आईनं भरला, एक दिवस आड.

दिवाळीला गेलो तेव्हा वही बघितली. वरची पहिली ओळ 'गोळ्या'. आप्पा आता स्वतः मेडिकलात जातात. रात्री पट्टी घेऊन आईपुढं उभे राहतात, ती गिळेपर्यंत हलत नाहीत. आई वैतागते, "काय काट्यावरची गाडी हाय व्हय मी?"

त्या दिवाळीला मी बाटली नेली नव्हती. संध्याकाळी परड्यात आप्पांनी विचारलं, "औंदा काय आनलं न्हाईस?"

"नाही आप्पा. मी पण जरा कमी करायचं ठरवलंय."

त्यांनी बाटली उजेडाला धरून रेघ बघितली, पेल्यात बेतानं ओतलं आणि म्हणाले, "तू कशाला? तुजी तर स्वस्त झाली की."