भिंतीवरचे इंजिन

देव, पूर्वज आणि फार तर एखादे निसर्गदृश्य, यांखेरीज दिवाणखान्यात काही टांगावयाचे नाही, हा आमच्या इंदूरच्या घराचा जुना शिरस्ता. तो एका रेल्वे इंजिनाने मोडला. पुतण्याने अमेरिकेहून एका रंगचित्राची छापील प्रत आणली, तिला सागवानी चौकट व काच बसविली आणि मग घरात वाद सुरू झाला.

चित्र ‘अल्को’ कंपनीच्या ‘पीए’ या प्रवासी डिझेल इंजिनाचे आहे. लांब नाक, तांबडा चेहरा, रुपेरी अंग. ‘सांता फे’ रेल्वेची ही सुप्रसिद्ध रंगसंगती. १९४६ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलाखालील रुळांवर असे इंजिन मुद्दाम प्रदर्शनार्थ उभे केले होते. त्याच वर्षी कंपनीने हॉवर्ड फॉग या चित्रकारास आपली इंजिने रंगविण्यासाठी नेमले. आज हौशीने चौकटीत बसविल्या जाणाऱ्या अशा पुष्कळ चित्रांचे कूळ हे असे जाहिरातीचे आहे. म्हणूनच की काय, त्यांतले आकाश सदैव निरभ्र असते. वास्तविक अल्कोची इंजिने काळा धूर ओकण्याबद्दल प्रसिद्ध!

“चित्र देखणं आहे, पण भावजी, यात आपलं काय आहे?” वडील वहिनींनी विचारले.

प्रश्न रास्त होता, आणि उत्तरही होते. पीएचे रूप मोहक, परंतु पोटातले ‘२४४’ जातीचे यंत्र फार कुरकुरे निघाले. त्यावरून धडा घेऊन कंपनीने ‘२५१’ हे यंत्र घडविले, आणि ते आपल्याकडे आले. मीटर गेजची ‘वायडीएम-४’ इंजिने १९६१ पासून आली, ब्रॉड गेजची ‘डब्ल्यूडीएम-२’ १९६२ पासून. अल्कोने १९६९ साली इंजिने बांधणे थांबविले. वाराणसीच्या कारखान्यात मात्र तो वंश पुढे कित्येक दशके वाढत राहिला. रूप पेटीसारखे, नाकाडोळ्यांनी यथातथाच. पण चौदाशे अश्वशक्तीची ही वायडीएम-४ महू, पातालपानी, कालाकुंडचा घाट उतरून आम्हांस खंडव्याला पोचवीत असे. तेथे गाडी बदलून भुसावळ, जळगाव. वहिनींचे माहेर जळगावचे.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “मग तिचंच चित्र का नाही लावत?”

लावावे कोठून? आपल्या इंजिनांना कोणी फॉग लाभल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. पातालपानी–कालाकुंड मार्गावर २५ डिसेंबर २०१८ रोजी पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली, तिलाही वायडीएम-४च जोडली होती. त्या गाडीचे, पुतण्याने पूर्वी टिपलेले एक छायाचित्र आम्ही मोठे करून घेतले. स्टुडिओवाल्याने आपण होऊन सांगितले, वरचा धूर पुसून आकाश निळे करून देतो, जास्त पैसे नकोत.

“धूर राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “माहेरी पोचल्यावर आई आधी माझं तोंड पुसायची.”

दोन्ही चित्रे आता शेजारी शेजारी आहेत. पाहुणे तांबड्या इंजिनापाशी थांबतात. वहिनी दुसऱ्यापाशी थांबतात, आणि बहुधा कालाकुंड स्थानकावरच्या पानातल्या कलाकंदाची गोष्ट काढतात.