वाडीचा प्रसाद

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेलें नृसिंहवाडी हें क्षेत्र आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. श्रीनृसिंहसरस्वतींनीं येथें बारा वर्षें वास्तव्य केलें व गाणगापुरास जातांना मनोहर पादुका मागें ठेविल्या, अशी परंपरा आहे. देवळांत मूर्ति नाहीं. पादुका आहेत, औदुंबराची छाया आहे आणि पायऱ्यांशीं कृष्णामाई आहे. पेढे, बासुंदी व कवठाची बर्फी यांकरितांही गांवाचा लौकिक आहे. आणि खरें सांगावयाचें तर या खाण्याजेवण्याच्या लौकिकामुळेंच तेथें जाण्याचें आम्ही पांच वर्षें टाळीत होतों.

आम्हांस अन्न गिळतां येत नसे. घांस घशाखालीं जाई, परंतु छातीच्या मध्यभागीं येऊन थबके. मग उठून उभें राहावें, खांदे मागें ओढावे, पेलाभर पाणी प्यावें, तेव्हां कोठें तो खालीं उतरे. नाहीं तर जसा गेला तसाच परत येई. रात्रीं आडवें होतांच खोकल्याची उबळ येई, म्हणून उंच उशांवर अर्धवट बसून निजावें लागे. दोन वर्षांत आमचें वजन ६८ किलोंवरून ५७ वर आलें.

या विकारास डॉक्टर 'अकॅलेझिया' म्हणतात. अन्ननलिका सुमारें २५ सेंटिमीटर लांब असते. तींतून घांस नुसता खालीं पडत नाहीं. स्नायूंच्या लाटा त्यास पुढें ढकलतात, आणि जठराच्या तोंडाशीं असलेलें स्नायूंचें वलय वेळेवर सैल होऊन त्यास वाट देतें. अन्ननलिकेच्या भिंतींतील मज्जापेशी नष्ट झाल्या म्हणजे लाट उठत नाहीं व वलयही उघडत नाहीं. दर वर्षीं लाखांत एखाद्यासच हा विकार जडतो, त्यामुळें तो चटकन् ओळखूं येत नाहीं. आम्हीं चार वर्षें आम्लपित्ताच्या गोळ्या घेतल्या. शेवटीं बेरियम पाजून क्ष-किरणांनीं चित्र काढलें, तेव्हां वर फुगलेली आणि खालीं पक्ष्याच्या चोंचीप्रमाणें निमुळती झालेली नळी आम्हांस दिसली.

दुखण्याहून त्याची लाज मोठी होती. लग्नामुंजीस आम्ही पंगत उठल्यावर जाऊं लागलों. "पोट बिघडलें आहे" हें वाक्य इतक्यांदा उच्चारलें कीं आप्तांनीं आग्रह करण्याचें सोडून दिलें. डॉक्टरांनीं उपाय सांगितला होता. परंतु भीतीपोटीं आम्ही त्यास आज-उद्यां करीत होतों. अखेर आमच्या मंडळींनीं हट्ट धरला कीं, निर्णय कांहींही होवो, एकदां महाराजांचें दर्शन घेऊन येऊं. म्हणून २०२३ च्या जानेवारींत आम्ही पुण्याहून आगगाडीनें निघून जयसिंगपुरास उतरलों.

तेथून शिरोळवरून वाडीस जातांना दोहों बाजूंस ऊंस उभा होता. सकाळीं घाटावर पोहोंचलों तेव्हां नदी खालच्या पायऱ्यांशीं निवांत होती व पाण्यावरून धुकें सरकत होतें. स्नान, दर्शन, प्रदक्षिणा हें सर्व सुखानें झालें. मग आमच्या उपाध्यायांच्या घरीं पानें मांडलीं गेलीं.

भोजनारंभीं पांच प्राणाहुति घ्याव्या, आणि त्याही दांत न लावतां गिळाव्या, हा आपला आचार वाचकांस ठाऊकच आहे. निरोगी माणसास तो आचार आहे. आम्हांस तें संकट होतें. तीन आहुति उतरल्या. चौथी थांबली. इतक्यांत उपाध्याय बासुंदीचें भांडें घेऊन पुढें आले व म्हणाले, "संकोच करूं नका. महाराजांचा प्रसाद आहे, पानांत कांहीं टाकायचें नाहीं." भर पंगतींतून उठणें अशिष्ट, हें कळत असूनही आम्ही उठलों आणि मागल्या परसांत धांवलों.

परत येऊन पाहतों तों आमची मंडळी उभी राहून उपाध्यायांच्या मातोश्रींस सर्व हकीकत सांगत होती. छातींतला घांस, रात्रींचा खोकला, परत येणारें अन्न, कांहींएक राखून ठेविलें नव्हतें. सगळी पंगत ऐकत होती. आम्हांस संताप आला. पण बोलावें तर आवाज फुटेना.

त्या आजी ऐंशीच्या घरांतल्या असतील. त्या म्हणाल्या, "अहो, मग आधीं सांगायचें नाहीं का? पान भरावें म्हणून का आम्ही वाढतों? माणूस जेवावा म्हणून वाढतों." त्यांनीं आमचें पान उचललें, आणि वाटींत गुरगुट्या भात, त्यावर पातळ वरण व तुपाची धार, असें आणून ठेविलें. शेजारीं गरम पाण्याचा तांब्या ठेविला. गरम पाण्यानें तें वलय कांहींसें सैल होतें, हें डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलें होतें. आजींस तें कोणी सांगितलें होतें कोण जाणे! "घांसाला घोट घ्या. घाई कसली? भांडीं अजून घांसायचीं आहेत," असें म्हणून त्या पाटावर बसल्या.

तेवढ्या भातास पाऊण तास लागला. पंगत केव्हांच उठली होती. मग आजी आमच्या मंडळीकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही कधीं जेवणार, बाई?" तेव्हां आम्हीं पाहिलें. तिच्या पानांतला भात जसाच्या तसा होता, वरणावर साय धरली होती. पांच वर्षें ती अशीच आमच्यानंतर, निवलेलें, उभ्याउभ्यानें जेवत आली होती. आणि आम्ही मात्र हें दुखणें आपल्या एकट्याचें समजत होतों.

तिसऱ्या प्रहरीं आम्ही उभयतां संगमाकडे गेलों. उपाध्याय बरोबर होते. पावसाळ्यांत कृष्णा चढते, पाणी उत्तरेकडून देवळांत शिरतें, पादुकांवरून वाहतें व दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें. तो दक्षिणद्वाराचा सोहळा, आणि त्या पाण्यांत स्नानास लोटणारी गर्दी, यांचें त्यांनीं वर्णन केलें. २०१९ व २०२१ च्या महापुरांच्या आठवणी निघाल्या. ते म्हणाले, "कृष्णा भरलेली असली कीं पंचगंगेला पुढें वाट मिळत नाहीं. मग ती मागें फुगते, आणि गांवेंच्या गांवें पाण्याखालीं जातात." डॉक्टरांनीं कागदावर काढून दिलेली ती चोंचीसारखी नळी आम्हांस आठवली. परततांना आम्हीं मंडळीस सांगितलें, "मुंबईच्या डॉक्टरांस उद्यांच कळवूं." ती कांहीं बोलली नाहीं, चालतां चालतां फक्त पदरानें डोळे टिपले.

वाट मोकळी करण्याचा प्रयत्न फार जुना आहे. टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें देवमाशाच्या हाडाच्या टोंकास स्पंज बांधून तो एका रोग्याच्या अन्ननलिकेंतून खालीं सारीत असल्याचें १६७४ मध्यें लिहून ठेविलें आहे. १९१३ मध्यें अर्न्स्ट हेलर या जर्मन शस्त्रवैद्यानें त्या स्नायूस छेद देण्याची रीत काढली. फुगा घालून वलय ताणण्याचीही रीत आहे. २००८ मध्यें जपानांत डॉ. हारुहिरो इनोउए यांनीं बाहेर कोठेंही छेद न घेतां, तोंडांतून दुर्बीण घालून आंतूनच तो स्नायु कापण्याची क्रिया सुरू केली. आमच्यावर याच रीतीनें त्या वर्षीं मार्चांत उपचार झाला.

तथापि वाचकांची दिशाभूल होऊं नये. दार उघडलें, परंतु गेलेली लाट परत येत नाहीं. आजही सांजेचें जेवण लवकर उरकावें लागतें, उशी उंच लागते; आणि जठरांतलें आम्ल वर चढूं नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते. मात्र वजन ६४ किलोंवर आलें आहे. ज्यांचा घांस वारंवार छातींत अडकतो, त्यांनीं वर्षानुवर्षें तें पित्त समजूं नये व पंगत टाळून लपवूंही नये; वेळींच तज्ज्ञास दाखवावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

पुढल्या जानेवारींत आम्ही पुन्हां वाडीस गेलों. आजींनीं आपण होऊन गरम पाण्याचा तांब्या आणून ठेविला. पांचही प्राणाहुति उतरल्या. दुसरीस जरा वेळ लागला. "बासुंदी किती वाढूं?" त्यांनीं विचारलें. आम्हीं अर्धी वाटी मागितली आणि शेजारीं पाहिलें. आमच्या मंडळीच्या पानांतली पोळी अर्धी संपली होती, आणि ती भाजी मागत होती.