वाढीव पाणी

काकू, मुंबईची डाळ आधी काकांच्या पाठीवर बसायची, मग मुंबईच्या ताटात. लातूर-अकोल्याकडचे ट्रक तुर्भ्याच्या दाणाबाजारात लागायचे. कमरेला आकडा खोचून काका पहाटेच निघायचे आणि शंभर-शंभर किलोच्या गोण्या पाठीवर घेऊन फळीवरून चढ-उतार करायचे. त्यातली मूठभर डाळ तुमच्या घरात यायची तीसुद्धा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, किरकोळ भावाने. परातीत ती निवडता निवडता तुम्ही म्हणायचात, "ह्यांनीच वाह्यलेली आसंल बघ ही."

सातारा जिल्ह्यातल्या जावळी-पाटणच्या डोंगरातून तुमच्यासारखी किती घरं मुंबईला आली. मस्जिदच्या दाणाबंदरात हमाली करणाऱ्या माणसांना 1969 मध्ये माथाडी कायदा मिळाला. त्यासाठी लढलेल्या अण्णासाहेब पाटलांचा फोटो म्हणूनच तुमच्या भिंतीवर देवांच्या रांगेत होता. पुढे घाऊक बाजार खाडी ओलांडून इकडे नवी मुंबईत आला आणि बाजारामागून माणसं आली. कोपरखैरण्यात सिडकोची बैठी घरं, भिंतीला भिंत लागलेली. एका घरात लसूण ठेचला की तीन घरांना कळायचं, आज काय आहे ते.

तुमच्या आमटीत नवल असं काही नव्हतं. हळद-हिंग घालून शिजवलेली तूरडाळ, रवीने घोटलेली. तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, आणि गावाहून डब्यातून आलेली कांदा-लसूण चटणी. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. ही कृती कुणालाही सांगता येईल, कुणालाही जमेल. जमणार नाही ते पुढचं. संध्याकाळी दारात पिशवी घेऊन कुणीतरी उभं असायचं. कुणी दवाखान्यासाठी आलेलं, कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी नुसतंच 'मुंबईत काय लागतंय का बघायला'. कुणाचाच आधी निरोप नसायचा. "बसा, हातपाय धुवा" म्हणेपर्यंत तुमचा तांब्या पातेल्यावर गेलेला असायचा. पाणी वाढलं की शेंगदाण्याचं कूट वाढायचं, लसणाची आणखी एक फोडणी बसायची. आमटी पातळ व्हायची, फिकी कधी झाली नाही. चौघांची आमटी आठ जणांनी खाल्ली, आणि आठव्याला आपण आठवे आहोत हे कळलं नाही. वाढणाऱ्याने सर्वांत शेवटी जेवायचं असतं, त्यामुळे तुमच्या ताटात काय उरलं हेही कुणाला कळलं नाही.

होळीला तर गल्लीच तुमच्या पातेल्याभोवती यायची. हरभऱ्याची डाळ पुरणासाठी निथळून घेतली की खाली राहिलेली येळवणी. त्यात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं नि कांद्याचं वाटण, लवंग-दालचिनी, आणि दाटपणाला थोडं पुरणच. पोळ्या मोजून व्हायच्या, आमटी मात्र घरोघर जायची. समोरच्या आगरी मावशींकडून वाटी परतायची ती वालाच्या बिरड्याने भरून. मागच्या मालवणी वहिनी तुमची आमटी चाखून दरवर्षी म्हणायच्या, चिंचेऐवजी आमसूल घालून बघा. तुम्ही दरवर्षी हो म्हणायचात आणि दरवर्षी चिंचच घालायचात. भांड्यांवर नावं कोरलेली असूनही प्रत्येक मांडणीवर दुसऱ्याच्या नावाची दोन भांडी असायचीच.

2020 च्या टाळेबंदीत सारं शहर घरात बसलं तरी धान्याच्या गोण्या उचलायला माणसं लागतच होती. काका निवृत्त झाले होते, आता मुलगा जात होता. मे महिन्यात रुग्ण वाढले म्हणून सगळा बाजारच आठवडाभर बंद ठेवावा लागला. गल्लीत कुणी कुणाच्या दाराशी जाईना. तुम्ही झाकण घातलेलं पातेलं आमच्या पायरीवर ठेवून मागे सरकायचात आणि लांबूनच ओरडायचात, "गरम हाय, आत्ताच खावा."

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या घरात रीतीप्रमाणे गॅस पेटला नाही. दुपारपासून गल्लीतून भांडी येऊ लागली. एका घरची डाळ आमसुलाची, एका घरची नुसत्या जिऱ्याची, एका घरचं सांबार, एका घरचं मुगाचं वरण. ठेवायला जागा उरली नाही. गावाकडून गाडी भरून माणसं आली, ती सगळी जेवली, तरी उरलं. तुमच्याच घरात, तुमच्याशिवाय, पहिल्यांदा पाणी वाढवावं लागलं नाही.

आता त्या बैठ्या घरांवर दोन-तीन मजले चढले आहेत. खाली दुकान, वर भाडेकरू. पाहुणा येण्याआधी फोन करतो, आणि बहुधा जेवूनच येतो. आमचा कुकर लहान झाला. अर्धी वाटी डाळ, दोघांना बरोबर पुरते, काही वाया जात नाही. ही काटकसर वाईट आहे असं कोण म्हणेल? पण तुमच्याकडे पैसा आमच्याहून कमी होता आणि तुमचं पातेलं मोठं होतं. शहर आखणाऱ्यांनी इथल्या रस्त्यांचा, पाण्याचा, घरांचा माणशी हिशेब केला. न सांगता येणाऱ्या माणसाचा हिशेब एकट्या तुम्ही धरत होतात, काकू. तो कुणाला शिकवावा लागेल असं तुम्हाला वाटलं नाही, आणि तो शिकून घ्यावा असं आमच्यातल्या कुणाला सुचलं नाही.