टूट्सीजच्या मागच्या दाराने

नॅशव्हिलचा लोअर ब्रॉडवे म्हणजे नुसता कल्ला! भरदुपारीही बारमध्ये लाइव्ह बँड, काउबॉय हॅट घातलेलं पब्लिक आणि निऑनचा झगमगाट. ऑफिसच्या कामाला जोडून मिळालेल्या वीकएण्डला मी तिथे गेले ते मात्र एका गाण्यापायी. पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’. ब्रेकअपच्या गाण्यांची यादी कुणीही करो, हे त्यात असणारच.

गोष्ट सुरू होते टूट्सीज ऑर्किड लाउंजमध्ये. जांभळ्या रंगाचा हा बार लांबूनही ओळखू येतो. मागच्या दाराने बाहेर पडलात की एक बोळ, आणि समोर रायमन ऑडिटोरियम. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ शो १९७४ पर्यंत इथूनच व्हायचा. त्यामुळे स्टार मंडळी बोळ ओलांडून टूट्सीजमध्ये टेकायची आणि होतकरू गीतकार त्यांची वाट बघत बसायचे.

१९६०मध्ये टेक्सासहून आलेला विली नेल्सन त्यातलाच एक. खिसा कायम रिकामा. ‘फॅमिली बायबल’ हे गाणं तर त्याने ५० डॉलरला हक्कासकट विकून टाकलं होतं. गाणं हिट, पण नाव दुसऱ्यांचं! ‘क्रेझी’ त्याने विकलं नाही. टूट्सीजमध्ये त्याची गाठ पॅट्सीचा नवरा चार्ली डिक याच्याशी पडली आणि गाणं तिच्यापर्यंत पोचलं. तिला ते आधी आवडलंच नाही, हा भाग वेगळा.

तिथून मी चालत गेले सिक्स्टीन्थ अ‍ॅव्हेन्यू साउथला. अर्धगोल पत्र्याच्या शेडमधला ओवेन ब्रॅडलीचा स्टुडिओ इथलाच. जून १९६१मध्ये पॅट्सीच्या कारला भीषण अपघात झाला. कपाळ फाटलं, बरगड्यांना मार बसला. ऑगस्टमध्ये ती कुबड्या घेऊन स्टुडिओत आली, पण वरचे सूर लावायला गेली की बरगड्या ठणकायच्या. तीन तासांत तीन-चार गाणी उरकण्याचा तो जमाना, इथे एकही पुरं होईना! शेवटी ब्रॅडलीने नुसतं संगीत रेकॉर्ड करून ठेवलं. काही आठवड्यांनी ती परत आली आणि एका टेकमध्ये गाऊन गेली.

म्हणजे बघा, प्रेमभंगाच्या या गाण्यामागे सापडते ती पैशांची तंगी आणि मोडलेलं अंग. म्हणूनच बहुधा त्यात रडारड नाही. दुखतंय हे कळतं, पण आवाज कुठेही तोल सोडत नाही.

गाणं कंट्री चार्टवर दोन नंबरला आणि पॉप चार्टवर नऊ नंबरला गेलं. पॅट्सीला पुढे जेमतेम दीड वर्ष मिळालं. ५ मार्च १९६३ला विमान अपघातात ती गेली, वय फक्त ३०. गाण्याखाली विलीचं नाव मात्र कायम राहिलं.

नॅशव्हिलला गेलात तर टूट्सीजच्या मागच्या दाराने बाहेर पडा. रायमन चार पावलांवर आहे. ती चार पावलं टाकायला कितीजणांचं अख्खं आयुष्य गेलं असेल!