एक शेरा

'उद्या वही आणतो' असे तीनदा सांगून ती न आणणाऱ्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी एकदा भारदस्त शेरा मारला, 'अनरिलायबिलिटी!' दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले.

"गुरुजी, ह्याचा अर्थ काय हो?"

"त्याचा भरवसा वाटत नाही."

ते हळूच म्हणाले, "कुणाला?"

मी निरुत्तर झालो. इंग्रजी नाम सारा दोष त्या माणसालाच चिकटवून मोकळे होते. आपला भरवसा मात्र दोघांत असतो. एकाने तो ठेवायचा, दुसऱ्याने राखायचा. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला, तर चुकते कोण? म्हैस, की आपला हिशेब? गंमत अशी, की 'रिलाय' ह्या क्रियापदाचे मूळही 'बांधणे' ह्या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. आणि दोरीला टोके दोन असतात!

माझे टोक मी कधी धरले होते? साधे फळा पुसण्याचे कामही मी त्या मुलावर कधी सोपवले नव्हते. मी शेरा खोडला नि वर्गाच्या कपाटाची किल्ली त्याच्या हाती दिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.